कठड्याविषयी एक गंभीर मत

ज्या विषयावर निरीक्षकांना मत नाही, असा विषय अजून जन्माला यायचा होता. पालिकेत इमारत निरीक्षक म्हणून उभी हयात काढून ते निवृत्त झाले, पण निवृत्तीने थांबला तो फक्त पगार. निरीक्षण चालूच राहिलं. राजकारणाविषयी त्यांचं मत असं की सगळे सारखेच, फक्त आधीचे खोटं बोलताना निदान खाली बघायचे. समाजमाध्यमांविषयी मत असं की ज्यांना घरात कोणी विचारत नाही, ते तिथे जाऊन जगाला शिकवतात. आणि व्हिडिओ गेम म्हणजे धडधाकट माणसाने सोफ्यावर बसल्या बसल्या वाया जाण्याची सोय, असं ते रोज संध्याकाळी गेम खेळणाऱ्या लेकीच्या पाठीला ऐकवत. पाठ ऐकून घेई. लेक दिवसभर घरूनच कुठल्याशा कंपनीच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी फोनवर ऐकायची, त्यामुळे तिचे कान या बाबतीत चांगले तयार झाले होते.

सध्या मात्र निरीक्षकांच्या सगळ्या मतांनी एकाच जागी मुक्काम ठोकला होता. ती जागा म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावरचा जिन्याचा कठडा. गंजून तो एका बाजूने सुटला होता आणि हात लावला की बाहेरच्या बाजूला झुकायचा. निरीक्षक राहायचे तिसऱ्या मजल्यावर. त्यांच्या पत्नीचं, म्हणजे अख्ख्या इमारतीच्या वहिनींचं, गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, कठडा धरून रोज जिना चढा-उतरा, नाहीतर गुडघा आखडेल तो कायमचा. वहिनी घाबरणाऱ्यातल्या नव्हत्या, पण धरायला कठडा तर हवा. दवाखान्यातून त्यांना खुर्चीत बसवून चौघांनी वर आणलं होतं, त्यानंतर त्या खाली उतरल्याच नव्हत्या. खाली बागेत त्यांच्या मैत्रिणींचा कट्टा भरायचा. खिडकीतून तो दिसायचा, पण ऐकू यायचा नाही, आणि कट्ट्याला नुसतं बघून काय करायचं?

इमारत वसाहत मंडळाची, जिना मंडळाचा, गंजही मंडळाचाच. निरीक्षकांनी अर्जावर अर्ज केले आणि मंडळाने दर वेळी ‘अर्ज विचाराधीन आहे’ असं कळवलं. मंडळ एवढा विचार करतं हे निरीक्षकांना नोकरीत असताना माहीत नव्हतं. “आपणच एखादा वेल्डर बोलावू की,” असं लेक म्हणाली, तेव्हा ते तिच्याकडे बघतच राहिले. इमारतींत परस्पर फेरफार करणाऱ्यांना नोटिसा देण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. आता म्हातारपणी स्वतःच स्वतःला नोटीस द्यायची का?

तर एका संध्याकाळी बातम्यांच्या वेळी टीव्ही लेकीच्या ताब्यात होता. निरीक्षक निषेध म्हणून तिथेच बसून राहिले. पडद्यावर एक जुनं शहर होतं आणि लाल मफलर गुंडाळलेला एक दूत राजाचा खलिता घेऊन गच्च्यांवरून पळत होता.

“थांब जरा,” निरीक्षक म्हणाले. लेकीने दूताला हवेतच थांबवलं. “त्या जिन्याला कठडा नाही.”

“बाबा, गेम आहे तो.”

“गेम असला म्हणून काय झालं? माणसं चढतायत ना त्याच्यावरून? आणि हे धान्याचं कोठार बघ. बाहेर पडायला दार एकच. त्या दारासमोर कोण उभा आहे?”

“राक्षस.”

“मग आग लागली तर लोकांनी जायचं कुठून?”

लेकीने एक मोठा सुस्कारा सोडला. “मला नका सांगू. ज्यांनी बनवलाय त्यांना सांगा. तिथे मत लिहायला जागा असते. सगळे लिहितात.”

“लिहा हो,” वहिनी आतून म्हणाल्या. “तेवढीच आमच्या कठड्याला विश्रांती.”

मत मांडायला जागा असते आणि तिथे कोणी ‘विचाराधीन’ म्हणत नाही, हे ऐकून निरीक्षकांच्या मनाने उचल खाल्ली. लेकीने त्यांचं खातं उघडून दिलं. त्यांनी चष्मा पुसला, खुर्ची ओढली आणि नोकरीत लिहायचे त्याच भाषेत लिहिलं, कारण दुसरी भाषा त्यांना येतच नव्हती.

‘महोदय, सदर शहराची पाहणी करण्याचा योग आला. शहर दिसण्यास सुंदर, परंतु राहण्यास अयोग्य आहे. राजवाड्याच्या मागील जिन्यास कठडा नाही. धान्यकोठारास एकच दरवाजा असून त्यासमोर राक्षस उभा केलेला आहे. आपत्तीच्या प्रसंगी ही बाब गंभीर ठरेल. दूत या पदावरील इसम गच्चीवरून गच्चीवर उड्या मारतो. त्याने घरमालकांची संमती घेतल्याचे आढळले नाही. नदीवरील पूल दर वेळी कोसळतो आणि दर वेळी तसाच पुन्हा बांधला जातो. ठेकेदार बदलल्याचे दिसत नाही. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी. पायाचे दगडी काम चांगले आहे, त्यासाठी दोन तारे. कळावे.’

दुसऱ्या दिवशी लेक सकाळी सकाळीच फोन घेऊन धावत आली. निरीक्षकांचं मत हजारो लोकांनी वाचलं होतं आणि पुढे पाठवलं होतं. निरीक्षक शांतपणे म्हणाले की विषयाचं गांभीर्य लोकांना पटलं की असं होतंच. खाली पिवळ्या गोल चेहऱ्यांची रांगच्या रांग लागली होती आणि प्रत्येकाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “बघ,” निरीक्षकांचा आवाज कातर झाला, “लोकांना रडू आलं.”

लेकीने वहिनींकडे बघितलं, वहिनींनी लेकीकडे. वहिनींनी तोंडाला पदर लावला, पण खांदे हलायचे थांबेनात. ऑपरेशननंतर त्या एवढ्या पहिल्यांदाच हसत होत्या.

“बाबा, ते रडत नाहीयेत,” लेक हळूच म्हणाली.

निरीक्षकांना जो धक्का बसला तो बसला. सबंध नोकरीत त्यांचा अहवाल वाचून कोणी हसलं नव्हतं. लोक घाबरले होते, चिडले होते, एकाने तर अहवाल त्यांच्यासमोर फाडला होता, आणि त्या सगळ्यात एक प्रकारचा मान होता. “मी विनोद केलेला नाही,” ते म्हणाले. मग हेच वाक्य त्यांनी तिथे खाली लिहिलं. त्याला आणखी पिवळे चेहरे मिळाले.

आता अशा वेळी शेजारी गप्प बसतील तर ते शेजारी कसले? पहिल्या मजल्यावरचे वकील कोर्टात कमी आणि जिन्यात जास्त वकिली करायचे. त्यांनी सल्ला दिला की आधी राक्षसाविषयीचं विधान मागे घ्या, कारण तो काल्पनिक असला तरी त्याला बनवणारे काल्पनिक नाहीत. समोरच्या दारातले विमावाले भेटेल त्या माणसाच्या भविष्यात अपघात बघायचे. ते म्हणाले, प्रसिद्धी हीच खरी जोखीम आहे, कागदपत्रं तयार ठेवा. तेवढ्यावर भागलं असतं. पण गावातला नवा पूल उद्घाटन होऊन लगेच बंद पडला होता, आणि निरीक्षकांनी गेममधल्या पुलावर लिहिलं होतं. झालं. वकील विरोधी पक्षाचे. त्यांनी तो मजकूर ‘सरकारला सणसणीत चपराक’ म्हणून सगळीकडे पाठवला. विमावाले सत्ताधाऱ्यांच्या बाजूचे. त्यांनी तोच मजकूर ‘जुन्या राजवटीच्या ठेकेदारांचा पर्दाफाश’ म्हणून फिरवला. दोन्हीकडच्या लोकांनी निरीक्षकांना आपला माणूस म्हणून डोक्यावर घेतलं, आणि त्याच दोन्हीकडच्या लोकांनी ते विकले गेलेत असंही लिहिलं.

“तुम्ही नक्की कोणाच्या बाजूने आहात?” वकिलांनी जिन्यात त्यांना अडवलं.

“पुलाच्या,” निरीक्षक म्हणाले.

“बघा, टाळाटाळ करतायत,” विमावाले वकिलांना म्हणाले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या दोघांचं एकमत झालं.

निरीक्षकांनी मात्र यातून एक धडा घेतला. एवढे लोक वाचतायतच, तर त्यांच्यासमोर खरा प्रश्न का मांडू नये? त्यांनी त्याच जागी मन लावून जिन्याच्या कठड्याविषयी लिहिलं. कुठला बोल्ट सुटलाय, कुठली पट्टी गंजलीय, किती भार पडला की काय होईल, घरात गुडघ्याचं ऑपरेशन झालेली व्यक्ती कशी अडकून पडलीय, सगळं सविस्तर लिहिलं. सोबत फोटो जोडला. आणि शेवटी ‘हा गंभीर विषय आहे’ असं ठळक अक्षरात घातलं.

लोकांना तो गेम प्रचंड आवडला. ‘कधी येतोय बाजारात?’ एकाने विचारलं. ‘गंजाचं काम काय बारकाईने केलंय, अगदी खरा वाटतो,’ असं दुसऱ्याने लिहिलं. तिसऱ्याचं म्हणणं होतं की वरच्या मजल्यावर अडकलेल्या बाईला सोडवण्याची गोष्ट जरा जुनाट आहे, पण गुडघ्याची कल्पना नवी आहे. निरीक्षकांनी प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर दिलं की हा गेम नसून माझं घर आहे. त्यावर एकजण म्हणाला की हा माणूस शेवटपर्यंत भूमिका सोडत नाही, म्हणूनच थोर आहे.

मग ते अर्ज घेऊन जातीने मंडळाच्या कचेरीत गेले. आवक विभागातल्या कारकुनाने नाव वाचलं, मान वर केली आणि उठून उभा राहिला.

“साहेब, राक्षसवाले तुम्हीच ना?”

“मी कठड्यासाठी आलोय.”

“आता कठडा?” कारकुनाचा चेहरा फुलला. “अहो, या सगळे. साहेबांनी नवीन आणलंय.”

अख्खा विभाग जमला. कारकुनाने अर्ज मोठ्याने वाचला आणि ‘सदर कठडा आधार देण्याऐवजी आधार मागतो’ या वाक्याला टाळ्या पडल्या. निरीक्षकांनी ते वाक्य मोठ्या कष्टाने आणि अत्यंत दुःखात लिहिलं होतं. सगळ्यांनी त्यांच्यासोबत फोटो काढले, चहा पाजला, दारापर्यंत पोचवायला आले. बाहेर आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की अर्जाची पोच घ्यायची राहिली. परत आत गेले तर अर्ज आवक विभागात नव्हताच. कर्मचाऱ्यांच्या मनोरंजनासाठी तो सूचनाफलकावर लावला होता. “इथे सगळे वाचतील, साहेब,” कारकून म्हणाला. “आवकमध्ये टाकला तर कोण वाचणार?” तो अगदी खरं बोलत होता, आणि निरीक्षकांना त्याचंच जास्त लागलं.

घरी येऊन त्यांनी झालेला प्रकार सांगितला. वहिनी खिडकीशी होत्या. खालचा कट्टा नुकताच भरत होता. लेकीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “बाबा, त्यांना गेमच वाटतोय ना? मग गेमच द्या. गेमचं मत लिहिता तसंच लिहा. तारे द्या. या आणि खेळून बघा म्हणा. गर्दी झाली की मंडळ हलेल.”

“म्हणजे मी विदूषक व्हायचं?” निरीक्षक म्हणाले. “एवढी वर्षं मी जे बोललो ते जबाबदारीने बोललो. माझ्या घरच्या अडचणीची मी जाहीर थट्टा करू? माझी काही इभ्रत आहे की नाही?”

वहिनी खिडकीतून वळल्या. त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. “आहे. खूप आहे. पण अहो, मला खाली जायचंय. रोज सकाळी गुडघा आदल्या दिवसापेक्षा कमी वाकतो, मी तुम्हाला सांगत नाही एवढंच. तुमची इभ्रत मी वर बसून किती दिवस सांभाळू?”

निरीक्षक वहिनींच्या गुडघ्याकडे बघत राहिले, आणि आपण इतके दिवस कठड्याची बारीकसारीक मापं घेतली पण गुडघा किती वाकतो हे एकदाही विचारलं नाही, याची त्यांना मनापासून लाज वाटली. मग ते उठले आणि चष्मा पुसायला लागले.

त्यांनी लिहिलं ते असं: ‘वसाहत मंडळाच्या या खेळात एकच पातळी असून ती कित्येक महिने कोणालाही पार करता आलेली नाही. शत्रू दिसत नाही, कारण तो कचेरीत असतो. जीव एकच मिळतो. कठडा खेळाडूच्या विरुद्ध बाजूने खेळतो. तारे शून्य. प्रत्यक्ष खेळण्यास रोज यावे.’ आणि खाली पत्ता दिला. इथेच त्यांचं चुकलं. बोलावणं देताना किती जण यावेत हे लिहायला हवं होतं, आणि नेमकी भार-मर्यादा लिहायला हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा विसरला.

दुसऱ्या दिवसापासून जिन्यात पोरापोरींची ही झुंबड. भिंतीला पाठ लावून सरकत सरकत वळण पार करायचं आणि वर पोचलं की ओरडायचं, असा त्यांनी नियम केला. कोणी पडू नये म्हणून निरीक्षक वळणावर उभे राहून ‘एका वेळी एक, चपला हातात’ अशा सूचना देत होते. पोरांना वाटलं ते गेममधले पहारेकरी आहेत. दोघांनी त्यांना हरवायचं कसं असं विचारलं. वकिलांचे अशील माघारी गेले. विमावाले आधी घाबरले, मग त्यांनी आपली माहितीपत्रकं वाटायला घेतली.

आणि मंडळ हललं. लेक म्हणाली होती अगदी तसंच हललं. मंडळाची माणसं आली, पिवळ्या पट्ट्या बांधल्या आणि फलक लावला: ‘जिना धोकादायक. वापर पूर्णपणे बंद.’ खाली एक पहारेकरी बसवला. अर्धाच जिना धोकादायक आहे, असं निरीक्षकांनी सांगून पाहिलं, पण अर्ध्या जिन्याचा फलक मंडळाकडे छापलेला नव्हता.

आता एकट्या वहिनी नव्हे, सगळी इमारतच वर अडकली. पहारेकरी चहाला गेला की लोक पट्ट्यांखालून वाकून ये-जा करायचे. काळा कोट घातलेले वकील चार पायांवर रांगताना त्यांच्याच एका अशिलाने पाहिले. त्या दिवशी वकील आणि विमावाले दोघं मिळून निरीक्षकांच्या दारात आले.

“हे सगळं तुमच्या मतांमुळे झालं,” वकील म्हणाले.

“मतं आमच्यासारखी घरात ठेवली असती तर,” विमावाले म्हणाले, आणि पुलाचा मजकूर आपणच गावभर फिरवला होता हे घाईत विसरले.

निरीक्षक उत्तर देणार तेवढ्यात आतून वहिनींचा आवाज आला. “आज बारा घरांना वर बसून कसं वाटतंय ते कळलं ना? मला एकटीला कळून मंडळाने काही केलं नव्हतं. आता बारा घरांनी मिळून ओरडा. यांच्यावर नको, मंडळावर ओरडा.”

मग इमारत ओरडली. वकिलांनी विरोधी पक्षाला कळवलं, विमावाल्यांनी सत्ताधाऱ्यांना, आणि जिना कोणी बंद केला यापेक्षा तो कोण उघडतो यावर दोन्ही पक्षांची चुरस लागली. शेवटी मंडळाच्या अभियंता बाई मापं घ्यायला आल्या. पण वापर पूर्णपणे बंद म्हणजे मंडळालाही बंद. पहारेकऱ्याने त्यांना पट्ट्यांपाशी अडवलं आणि फलक दाखवला. त्यावर त्यांच्याच साहेबांची सही होती.

“मग मी मापं घेऊ कशी?” बाई खालून म्हणाल्या.

“लिहून घ्या,” निरीक्षक वरून म्हणाले. ते वळणावर वाकून बसले, फूटपट्टी लावली आणि एकेक माप मोठ्याने सांगायला लागले. खाली बाई लिहीत होत्या. विमावाले फोन धरून हे सगळं जगाला दाखवत होते आणि जग पोट धरून हसत होतं. निरीक्षकांच्या कानावर ते गेलं, पण त्यांनी सांगायचं थांबवलं नाही. कोण हसतंय हे बघायला त्यांना वेळ नव्हता. चुकीचं माप गेलं असतं तर पाय वहिनींचा घसरला असता.

आठवडा उलटायच्या आत नवा कठडा लागला. दोन्ही पक्षांनी त्याचं वेगवेगळं उद्घाटन केलं. निरीक्षकांनी दोन्ही वेळा कठडा गदगदा हलवून पाहिला, म्हणून दोन्हीकडचे नाराज झाले.

त्याच संध्याकाळी वहिनी उतरल्या. एक हात कठड्यावर, एक हात निरीक्षकांच्या दंडावर. प्रत्येक वळणावर थांबत, दात आवळत. “दुखतंय का?” निरीक्षकांनी विचारलं. “दुखतंय,” वहिनी म्हणाल्या, “पण चला.” लेक मागून फक्त पर्स घेऊन येत होती.

कट्ट्यावर मैत्रिणींनी त्यांना हाताला धरून मधोमध बसवलं. थोडा वेळ सगळ्यांचे डोळे ओले झाले. मग एकीने पाठीमागे अवघडून उभ्या असलेल्या निरीक्षकांकडे बघितलं आणि म्हणाली, “अगं, तुझे हे इतके विनोदी आहेत, कधी बोलली नाहीस ते? आमच्या घरी सगळे यांचंच वाचतात. राक्षस काय, ठेकेदार काय. जिन्यातला तो फूटपट्टीचा प्रकार तर आम्ही चारदा पाहिला.”

“विनोदी नाहीत गं ते,” वहिनी म्हणाल्या.

“म्हणजे?”

“म्हणजे ते जे लिहितात ते खरंच त्यांना तसं वाटतं. त्या राक्षसाची त्यांना खरंच काळजी वाटते. आग लागली तर त्या कोठारातल्या लोकांचं काय होईल म्हणून जेवताना घास थांबलेला मी पाहिलाय. मला हसू येतं, मी हसते. पण ते विनोद करत नाहीत. करतच नाहीत कधी.”

कट्टाभर हशा पिकला. एक बाई हसता हसता बाकावरून घसरायच्या बेताला आल्या. “तू पण काय कमी नाहीस,” असं म्हणून दुसरीने वहिनींना चापट मारली.

निरीक्षक मागे उभे होते. ते हशाकडे बघत नव्हते, वहिनींकडे बघत होते. एवढ्या हसणाऱ्या बायकांत एकट्या त्या हसत नव्हत्या.